आधी मादी, मग पिल्लं: विदर्भातल्या गावात जातिवंत कुत्र्यांची निरोगी पैदास

"ताई, माही कुत्री माजावर आली हाये. तुमचा वाघ्या द्या न लावाले."

वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी आमच्या फाटकाशी हे घेऊन येतं. मी विचारते, "भाऊ, वय काय तिचं?" "असन वरीस-सव्वा वरीस." "लसी दिल्या?" "रेबीजची देल्ली होती एक डाव." मग मी त्यांना ओट्यावर बसवते, चहा ठेवते आणि चहा उकळेस्तोवर मी नाही का म्हणतेय ते सांगते. काही जण रागावून जातात. काही पुन्हा येतात, प्रश्न विचारतात, वही काढतात. त्यांच्यातले दोघं-तिघं आज अतिशय नीट पैदास करताहेत.

त्या ओट्यावर जे बोलते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. आर्वी तालुक्यात आमची कापूस-तुरीची शेती आहे आणि गेली बारा वर्षं मी कारवान हाउंड या दख्खनच्या धावणाऱ्या कुत्र्यांची जात पाळते. एवढ्या वर्षांत आमच्याकडे वेतं झाली ती फक्त पाच. कोणताही निर्णय घ्यायचा तर त्याने मादीचं काय होईल हे मी आधी बघते. पिल्लं किती होतील, रंग कोणता येईल, भाव काय मिळेल, हे सगळं त्यानंतर. नव्या माणसानेही सुरुवात इथूनच करावी, कारण या कामात चूक आपण करतो आणि भोगते ती.

जात निवडताना उन्हाकडे बघा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं तेव्हा रोज बातम्यांत असतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटे आणि श्वासावाटेच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. ज्याचं नाकच चपटं, श्वासाची वाटच अरुंद, त्याला ते जमणार कसं? पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग या जाती म्हणून गावातल्या पत्र्याच्या घरात हाल भोगतात. बुलडॉगच्या पिल्लांची डोकी एवढी मोठी असतात की बहुतेक माद्यांचं सिझेरियन करावं लागतं. हस्की आणि सेंट बर्नार्ड तर बर्फातल्या कामासाठी घडलेले. चोवीस तास एसी चालेल अशी वीज आमच्या फीडरवर नाही, तुमच्याही नसेल. या जातींची पैदास विदर्भातल्या खेड्यात करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड सावली, पाणी, कूलर दिला तर निभावतात. पण मला विचाराल तर आपल्या दख्खनच्या हाउंडकडे बघा. मुधोळ हाउंड म्हणा की कारवान हाउंड म्हणा, उंच पाय, खोल छाती, आखूड केस, अंगावर चरबी नाही. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळही होता. कर्नाटकात मुधोळजवळच्या तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे, ते एकदा जरूर बघून या. एक मात्र लक्षात ठेवा: हा धावणारा कुत्रा आहे. दिवसभर साखळीला बांधायचा असेल तर ही जात घेऊ नका.

मादी आणायची घाई नको

माझी पहिली मादी मी एका विक्रेत्याकडून घेतली. पिल्लू पस्तीस दिवसांचं होतं, "कागद मागून पाठवतो" म्हणाला. कागद आजवर आले नाहीत. पिल्लाला घरी आल्याच्या पाचव्या दिवशी पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार झाला आणि सातव्या दिवशी ते गेलं. माझ्या मांडीवर त्याने शेवटचं पाणी चाटलं तेव्हा ते इतकं हलकं झालं होतं की उचलल्यासारखं वाटत नव्हतं. त्यानंतर दीड वर्ष मी कुत्रा घेतला नाही, फक्त बघत आणि विचारत फिरले.

तुम्हीही फिरा. डॉग शोला जा, पण रिंगणापेक्षा मागच्या मंडपात जास्त वेळ घालवा, जिथे पाळणारी माणसं कुत्र्यांना पाणी पाजत बसलेली असतात. ज्याच्याकडून मादी घ्यायची त्याच्या घरी जा. पिल्लाची आई दाखवा म्हणा. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून काही घेऊ नका. आई अंगाने भरलेली आहे का, अनोळखी माणसाला बघून थरथरते का, तिचं हे कितवं वेत, हे विचारा. याच्या आधीची पिल्लं आज कुठे आहेत हेही विचारा. चांगल्या माणसाला ते पाठ असतं.

कागदाबद्दल गैरसमज फार आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया ही १८९६ पासूनची संस्था, कार्यालय चेन्नईत. तिचं नोंदणीपत्र म्हणजे वंशावळ: आई कोण, बाप कोण, आजा-पणजा कोण. आई-बाप दोघंही नोंदलेले असतील तरच पिल्लांची नोंदणी होते, म्हणून मादी कागदासह घेणं गरजेचं. पण वंशावळ म्हणजे तब्येतीचा दाखला नाही. दोन सुंदर कागदांच्या पोटी लंगडी पिल्लं जन्माला आलेली मी पाहिली आहेत.

वंशावळ वाचायची ती मुख्यतः नातं शोधायला. आपल्या भागात गवळाऊ पाळणाऱ्या जुन्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. वळूच्या स्वतःच्या कालवडी माजावर यायच्या आधी ते वळू बदलतात. कुत्र्यातही तेच. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं जुळवली तर पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आई-बापाचं नातं किती जवळचं ते सांगणारा आकडा, २५ टक्के येतो, सावत्र भावंडांचा साडेबारा, चुलत-मावस भावंडांचा सव्वासहा. हा आकडा वाढला की लपलेले दोष वर येण्याची शक्यता वाढते, पिल्लं कमी होतात, अशक्त होतात. लपलेला दोष म्हणजे काय ते असं समजा: आईकडे दोषाचं एक जनुक आहे, बापाकडेही एक आहे, दोघंही दिसायला ठणठणीत. त्यांच्या पिल्लांत सरासरी चारातलं एक आजारी निघतं आणि दोन तो दोष पुढे नेणारी. हीच आई दोषमुक्त नराला दिली तर एकही पिल्लू आजारी निघत नाही. तपासणी करायची ती यासाठी. दोष बाळगणारा प्रत्येक कुत्रा बाद करायचा नसतो, जोडी नीट लावायची असते.

तपासण्या

लॅब्राडोर असेल तर खुब्यांचा आणि कोपरांचा एक्स-रे, तोही दोन वर्षांचं वय झाल्यावर, कारण त्याआधी सांधे पूर्ण घडलेले नसतात. त्याच्या जोडीला दृष्टी हळूहळू जाण्याच्या आजाराची, पीआरएची, डीएनए चाचणी. जर्मन शेफर्डला खुबे आणि मागच्या पायांतलं बळ जाण्याच्या आजाराची, म्हणजे डीजनरेटिव्ह मायलोपॅथीची चाचणी. डॉबरमनला हृदय. डीएनएसाठी रक्ताचा किंवा गालाच्या आतल्या बोळ्याचा नमुना प्रयोगशाळेला कुरिअरने जातो, त्यासाठी शहर गाठावं लागत नाही. एक्स-रेला मात्र जावं लागतं. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं आहे, अकोल्यालाही पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे. तालुक्याचे डॉक्टर गाई-म्हशींत पारंगत असतात, त्यांना कुत्र्याच्या खुब्याचा एक्स-रे मागून अडचणीत टाकू नका. पण त्यांच्याशी नातं जोडून ठेवा. रात्री दोनला फोन उचलणार ते तेच.

हाउंड पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट: या कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी, आणि थायोपेंटालसारखं भुलीचं औषध त्यांच्या अंगातून फार सावकाश उतरतं. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. जात कळली की ते दुसरी भूल निवडतात.

जात कोणतीही असो, तीन तपासण्या प्रत्येक जोडीच्या आधी हव्यात. पहिली ब्रुसेला. हा जंतू लागला की मादीचा गर्भ शेवटच्या आठवड्यांत पडतो, नर वांझ होतो, आणि तो माणसालाही लागू शकतो. दुसरी टीव्हीटी. गावातल्या मोकळ्या कुत्र्यांत दिसणारी ही गाठ मुख्यतः मिलनातून पसरते, म्हणून नराचं आणि मादीचं अंग डॉक्टरांकडून नीट बघून घ्या. ओट्यावरच्या भाऊंना मी नाही म्हणते त्यामागचं एक कारण हेच. तिसरी गोचीडताप, म्हणजे एर्लिकिया आणि बबेसिया. विदर्भात पावसाळा संपला की गोचीड भिंतीच्या भेगांतून वर येते. एर्लिकियाने रक्तातल्या प्लेटलेट घटतात, आणि त्यावर सर्रास दिलं जाणारं डॉक्सिसायक्लीन गाभण मादीला चालत नाही, पोटातल्या पिल्लांच्या हाडा-दातांवर परिणाम होतो. म्हणून आजार असेल तर तो मिलनाआधी निस्तरायचा. खोलीच्या भेगा सिमेंटने बुजवून घ्या. बैलांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मादीला लावू नका.

कायदा

२३ मे २०१७ पासून देशात कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यासाठी वेगळे नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय विक्रीसाठी पैदास करता येत नाही. मादी किमान १८ महिन्यांची हवी, आठ वर्षांपुढे तिला लावायचं नाही. वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत, आणि लागोपाठच्या दोन माजांवर कधीच नाही. मिलनाआधी पशुवैद्यकाचं ती निरोगी असल्याचं प्रमाणपत्र. जवळच्या नात्यात जोडी नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मायक्रोचिप बसवायची, शेपूट-कान कापायचे नाहीत, नोंदी ठेवायच्या. हे नियम जाचक आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा स्वतःच्या मादीकडे बघून ते पुन्हा वाचावेत. मी स्वतः एका मादीची दोन, फार तर तीन वेतं घेते.

पोळ्याला मिलन, दिवाळीला पिल्लं

आता विदर्भापुरतं सगळ्यात महत्त्वाचं. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि मिलनापासून ६३ दिवसांच्या आगेमागे विते. हे दोन आकडे आपल्या उन्हाळ्याशेजारी मांडून बघा. फेब्रुवारीच्या मध्यात लावलेली मादी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात विते. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची, नुकती चालू लागलेली, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू. आई दिवसभर धापा टाकणार, तिचं खाणं निम्म्यावर येणार, दूध आटणार. पहिले दोन आठवडे पिल्लांना अंगाचं तापमान स्वतः सांभाळता येत नाही, आणि लाइट गेली की पत्र्याखालची खोली भट्टी होते. फेब्रुवारीचा माज सोडून द्यायचा. कितीही चांगला नर दारात उभा असला तरी सोडायचा. उन्हाळ्यात नराच्या वीर्याची प्रतही उतरते, त्यामुळे एप्रिल-मेच्या मिलनातही हाती फारसं काही लागत नाही.

पोळ्याच्या आसपासचा माज आपल्याला सोयीचा. पोळ्याला लावलेली मादी दिवाळीच्या सुमारास विते, आणि संक्रांतीच्या आत पिल्लं आठ आठवड्यांची होऊन नव्या घरी जातात. हवा कोरडी, आणि थंडी वाढेल तशी गोचीडही ओसरायला लागलेली. दोन अडचणी आहेत. एक फटाके: विणाऱ्या मादीची खोली रस्त्यापासून लांब, मागच्या बाजूला हवी. दुसरी अडचण जास्त घातक. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा आपला फवारणीचा हंगाम. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण कुणी विसरलेलो नाही. जे माणसाला मारतं ते गाभण कुत्रीला सोडेल का? फवारलेल्या वावरात तीन-चार दिवस तिला न्यायचं नाही, डबे कुलुपात, पंप धुतलेलं पाणी साचू द्यायचं नाही. रानडुकरांसाठी धुऱ्यावर कुणी विषारी गोळे ठेवतं का, याची चौकशी शेजाऱ्यांकडे आधीच करून ठेवा.

माज आणि मिलन

मादीला रक्तस्राव सुरू झाला की दिवस मोजायला लागा. साधारण पहिले नऊ दिवस ती नराला जवळ येऊ देत नाही, नंतर शेपूट बाजूला घेऊन उभी राहते. दहाव्या ते चौदाव्या दिवसात बहुतेक माद्या लागतात, पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत. रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी केली तर बीज सुटण्याचा दिवस नेमका कळतो आणि विण्याचा दिवसही ठरवता येतो.

नर-मादी अडकली की पाच मिनिटांपासून अर्धा तास तशीच राहतात. त्यांना ओढून सोडवायचं नाही, पाणी फेकायचं नाही. गावातली पोरं हमखास करतात, म्हणून फाटक बंद ठेवा. आणि तोंड बांधून, दोघांनी धरून लावायची पद्धत असेल तर ती आजच सोडा. जी मादी नको म्हणते तिचा दिवस चुकलेला असतो, नाहीतर तिला काहीतरी दुखत असतं.

पूर्ण तीन आठवडे तिला दोन दारांच्या आत ठेवा. एका माजात दोन नरांकडून गाभण राहून एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. गावठी कुत्रे चार फुटांची भिंत सहज चढतात. त्यांचा दोष नाही, कुंपण आपण घालायचं.

पोटुशी असताना

पहिले पाच आठवडे नेहमीचंच खाणं. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत हळूहळू सव्वापट ते दीडपट, थोडं थोडं चार वेळा, कारण पोटात जागा नसते. दूध-भाकरीवर गाभण मादी निभत नाही. अंडी, मांस, काळीज थोडं, नाहीतर पिल्लांसाठीचं चांगल्या प्रतीचं तयार खाद्य द्या.

आणि कॅल्शियमचं औषध देऊ नका. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण आपल्याकडे मेडिकलमधून बाटली आणून गाभण कुत्रीला पाजण्याची पद्धत घरोघर आहे. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून कॅल्शियम काढून घेणारी शरीराची यंत्रणा झोपी जाते. मग वेत झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी, दुधाचा जोर असताना, मादीला अचानक ते कमी पडतं. ती अस्वस्थ होते, पाय ताठ होतात, अंग थरथरतं, झटके येतात. त्या वेळी पिल्लं बाजूला करून तिला तासाभरात शिरेतून औषध मिळालं पाहिजे, नाहीतर ती जाते.

पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी सोनोग्राफी, आणि ५५ दिवसांनंतर एक एक्स-रे. दुसऱ्यासाठी नागपूरला जायचा कंटाळा करू नका. पिल्लं किती आहेत हे माहीत असलं तरच शेवटचं झालं की नाही ते कळतं.

विण्याची रात्र

अठ्ठावन्नाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान घेऊन वहीत लिहा. नेहमी १०१ ते १०२ फॅरनहाइट असतं. ते ९९च्या खाली उतरलं की बारा ते चोवीस तासांत विणं सुरू होतं. त्या दिवशी गाडीत डिझेल भरून ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

आमच्या चांदणीच्या पहिल्या वेताची रात्र सांगते. संध्याकाळी तापमान ९८.४. ती खोक्यातल्या चादरी पंज्यांनी उकरत होती, थांबून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी पहिलं पिल्लू, पावणेदोनला दुसरं. दोन्ही तिने स्वतः चाटून मोकळी केली. तिसरं आलं ते पिशवीसकट, आणि चांदणी पहिल्या दोघांना चाटण्यात गुंतलेली. मी बोटांनी तोंडापाशी पिशवी फाडली, मऊ फडक्याने तोंड-नाक पुसलं, डोकं जरा खाली धरून टॉवेलने पाठ चोळत राहिले. दोन्ही हातांत पकडून झटका देण्याची एक जुनी पद्धत आहे, ती करायची नाही, मेंदूला इजा होते. चोळता चोळता किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग हाताखाली फासळ्या एकदा हलल्या, पुन्हा हलल्या, आणि मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. तेवढ्यात लाइट गेली. सासूबाईंनी चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरलं, बाटल्या जुन्या मोज्यांत घातल्या आणि मी त्या पिल्लांच्या कडेने लावल्या. मोज्यांशिवाय लावल्या असत्या तर कातडी भाजली असती, हे त्यांना मला सांगावं लागलं.

एक्स-रेत पाच होती. चौथं तीनला आलं. मग काही नाही. तिचा जोर सुरू होऊन अर्धा तास झाला तसा मी फोन केला, आणि पहाटे आम्ही दवाखान्यात होतो. पाचवं आडवं होतं, वाचलं नाही. चांदणी वाचली. त्या रात्रीपासून मी हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: जोराच्या कळा अर्धा तास आणि पिल्लू नाही, किंवा दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त अंतर, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव, तर लगेच फोन. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन स्वतःच्या हाताने कधीच द्यायचं नाही. वाट अडलेली असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

आठ आठवडे

पिल्लं पहिल्या काही तासांत चिकाला लागलीच पाहिजेत. पहिला आठवडा त्यांच्या जागी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब हवी, आणि आईला तिथून उठून गारव्याला जाता येईल अशी जागाही. गार पडलेल्या पिल्लाला कधी दूध पाजू नका. थंड अंगात आतडं चालत नाही, दूध सडतं किंवा फुप्फुसात जातं. आधी छातीशी धरून ऊब द्या, मग दूध.

किराणा दुकानात असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची सैल लोकर, आणि रोज एकाच वेळी वजन. दहा-चौदा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. ज्याचं वजन एक दिवस थांबलं त्याच्याकडे त्याच दिवशी बघायचं. डोळ्यांना ते आजारी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

जंताचं औषध दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांना, कारण जंत आईच्या पोटातून आणि दुधातूनच येतात. लस सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिली, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना.

पार्वोचं मी वर लिहिलंय. तो विषाणू मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो आणि फिनाइलने मरेलच असं नाही. आधी घाण खरवडून धुवायची, मग पातळ ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची, नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवायची. शेणाने सारवलेली जमीन अशी धुता येत नाही, म्हणून पिल्लांच्या खोलीला गुळगुळीत फरशी हवी. बाजारातून आलेल्या पाहुण्यांनी चपला बाहेर काढून हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. आमच्याकडे जावयालाही हाच नियम आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू जग शिकतं, आणि बारा-चौदा आठवड्यांपर्यंत जे शिकतं ते जन्मभर टिकतं. मिक्सरचा आवाज, बंडीची चाकं, ट्रॅक्टर, शेळ्या, टोपीवाला माणूस, काठी टेकत येणारी आजी, रडणारं बाळ. रोज एक नवी गोष्ट, घाबरवणार नाही इतक्या अंतरावरून. वावरात राखणीला जाणाऱ्या कुत्र्यालाही हे लागतं. भेदरलेला कुत्राच जास्त चावतो.

पिल्लू कुणाला द्यायचं

लोक विचारतात, यातून पोट भरेल का? तपासण्या, खाद्य, लसी, गाडीभाडं आणि एखादं सिझेरियन धरलं तर माझ्या पहिल्या दोन वेतांत घरचेच पैसे गेले. नंतर बरोबरी झाली. पैशासाठी करायचं असेल तर शेळ्या पाळा, बेरारी शेळी आपल्याच मातीतली आहे.

घ्यायला येणाऱ्याला मी विचारते: दिवसा घरी कोण असतं? उन्हाळ्यात त्याला कुठे ठेवणार? गावाला गेलात तर कोण बघेल? बिबट्याच्या भागात असाल तर रात्री आत घेणार का? ताडोबाच्या बाजूच्या गावांत बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याचा पहिला घास असतो. उत्तरं पटली तर देते, नाहीतर पिल्लू माझ्याकडेच राहतं. सोबत फाइल जाते: लसींचा तक्ता, जंतांच्या औषधाच्या तारखा, आई-बापाच्या तपासण्यांच्या प्रती, चिपचा क्रमांक, आठवड्याभराचं खाद्य. आणि एक लिहून घेतलेलं कलम: कधीही, कितव्याही वर्षी सांभाळता आलं नाही तर कुत्रा माझ्याकडे परत यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. आतापर्यंत दोन परत आले. एक नऊ वर्षांचा म्हातारा होता, तो आमच्याच ओट्यावर गेला.

पिल्लं गेल्यावर मादीकडे वळा. तिचं वजन, रक्त, थानं तपासून घ्या. पुढचा माज तिच्या विश्रांतीचा. शेवटचं वेत झालं की नसबंदी करा, कारण न केलेल्या म्हाताऱ्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका मोठा असतो. नसबंदीनंतरही ती घरातलीच.

पिल्लू नव्या घरी पहिल्या रात्री रडतं. म्हणून आईच्या अंथरुणाचा एक तुकडा मी त्याच्यासोबत देते आणि तो न धुता त्याच्याजवळ ठेवायला सांगते. त्या रात्री माझा फोन उशाशी चालू असतो. "ताई, लय रडून रायला जी," असा फोन साधारण अकराला येतो. "तुकडा दिला का जवळ?" मी विचारते. बहुतेक वेळा तो पिशवीतच राहिलेला असतो.